नसलेल्या भोकाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांच्या सातव्या पदार्थापाशी, म्हणजे अभावापाशी थांबलो होतो. 'जमिनीवर घडा नाही' हे कळायला नुसती जमीन दिसून भागत नाही, घडा ठाऊक असावा लागतो. आज हाच विचार घेऊन आम्ही तुम्हाला मोटारीच्या इंजिनापाशी नेणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि अभाव आहे तो एका भोकाचा.

आधी थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत इंजिन सांगाड्याला घट्ट आवळलेलं असे. त्याची थरथर थेट बसणाऱ्याच्या हाडांत. १९३१ साली क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणली, म्हणजे इंजिन रबरावर बसवलं. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला फाउंडेशन म्हणतात, तेच हे. पुढे रबर सर्वत्र रूढ झालं. प्रवासी सुखावला, पण एक पेच उभा राहिला. क्लचचं पेडल सांगाड्याला, आणि क्लच मात्र इंजिनाला. एक स्थिर, दुसरं डुलणारं. दोघांना सरळ दांड्याने जोडलं, तर इंजिन डुललं की पाय न हलवताही क्लच ओढला जाणार.

यावरची तोड म्हणजे एक आडवा दांडा. त्याला तिकडे झेड बार म्हणतात. जुन्या वाड्याचं दार आठवा. बिजागरी नाही, एक खुंटी उंबऱ्याच्या खोबणीत, दुसरी वरच्या चौकटीत, आणि दार त्यांवर फिरतं. तेच दार आडवं करा. दांड्याचं एक टोक सांगाड्यावर, दुसरं इंजिन ब्लॉकमध्ये आट्यांनी बसवलेल्या गोल डोक्याच्या खुंटीवर. पेडल दाबलं की दांडा फिरतो आणि त्याचा हात क्लचचा फोर्क ढकलतो. इंजिन डुललं, तर दांड्याचं ते टोकही त्याच्यासोबत डुलतं. फोर्कपासूनचं अंतर फारसं बदलत नाही. १९६७ च्या शेव्हर्ले कॅमेरोत हीच रचना होती.

आता १९९७ साल पाहा. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ हे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं नवं इंजिन आलं. क्लच हायड्रॉलिक. तेलाची नळी लवचिक. इंजिन डुललं काय नि न डुललं काय, तिला फरक नाही. त्यामुळे ब्लॉकमध्ये खुंटीचं भोक ठेवायचं कारणच उरलं नाही. गंमत अशी, की गिअरबॉक्सकडच्या तोंडावरची बोल्टची भोकं मात्र बहुतेक जुन्याच जागी राहिली. म्हणजे जुन्या कॅमेरोत हे इंजिन घालू पाहणाऱ्याला गिअरबॉक्सची बाजू ओळखीची वाटते, आणि पेडलच्या बाजूला दांडा अधांतरी लोंबतो.

मग काय करायचं? पहिला मोह असा, की दांड्याची दोन्ही टोकं सांगाड्यालाच बांधून टाकावी. दिसायला भक्कम. पण ज्या पेचासाठी दांडा जन्माला आला, तोच पेच यातून परत येतो. गाडी सुटताना इंजिन जोर लावून एका अंगाला झुकतं, क्लच आपोआप कमीजास्त होतो आणि गाडी थरथरत निघते. योग्य उपाय म्हणजे ब्लॉकच्या बाजूला किंवा बेल हाउसिंगपाशी जी आट्यांची भोकं आहेत, त्यांवर जाड पोलादी ब्रॅकेट बसवून खुंटी तिच्या मूळ जागी आणायची. दांडा तिरपा राहता कामा नये. ब्रॅकेट लवता कामा नये, कारण पेडलचा जोर ते वाकवण्यात गेला तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर कुरकुरतात. दुसरा मार्ग दांडा काढून हायड्रॉलिक घेण्याचा. तोही चुकीचा नाही, फक्त तिथे जुन्या यंत्राचा एक अवयव आपण सोडून देतो.

आम्हाला यात मोलाचं वाटतं ते असं. नव्या इंजिनाच्या नकाशात कुठेही 'इथे भोक नाही' असं लिहिलेलं नाही. नकाशाच्या दृष्टीने ब्लॉक परिपूर्ण आहे. ती उणीव दिसते फक्त त्याला, ज्याने जुना दांडा हाताळला आहे आणि तो तिथे का होता हे ज्याला कळलं आहे. ज्याला नुसता आकार आठवतो, तो दांडा सांगाड्याला बांधून मोकळा होतो. कारण आठवणारा ब्रॅकेट करतो. घडा ठाऊक असणं म्हणजे नुसतं त्याचं रूप ठाऊक असणं नव्हे, हे आम्ही वर्गात पुष्कळ वर्षं सांगत आलो. आता सांगताना हा दांडा समोर ठेवतो.