बिल्टीवर गेलेला वाघ

आमच्या वाड्याच्या ओसरीवर एक वाघ पसरलेला असायचा. तोंड उघडं, डोळे काचेचे, कडेला काळ्या बनातीची झालर. आम्ही पोट्टे त्याच्या जिभेला हात लावून पळायचो. लहानपणी वाटायचं, तो इथंच जन्मला असेल. पुढे कळलं, की मेल्यावर त्यानं जिवंतपणी केला नसेल एवढा प्रवास केलेला आहे.

आबाजींनी तो १९४३ च्या उन्हाळ्यात मारला. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. गाव मालगुजारीचं, म्हणजे गावाला लागून असलेलं जंगलही आमच्याच नावावर. सरकारच्या राखीव जंगलात शिकारीला ब्लॉक घ्यावा लागे, फी भरावी लागे, किती जनावरं मारायची तेही ठरलेलं असे. मालगुजारी जंगलात परवाना लागायचा तो बंदुकीचा, वाघाचा नाही. पक्षी आणि प्राण्यांच्या रक्षणाचा १९१२ चा एक कायदा होता. त्याच्या यादीत हरणं होती, गवे होते, ससेसुद्धा होते. वाघ नव्हता.

वाघ पडला की घाई सुरू व्हायची. वैशाखातलं ऊन, कातडं एका दिवसात बिघडायचं. सावलीत सोलायचं, मांसाचा कणही ठेवायचा नाही, कान आणि ओठ आतून नीट मोकळे करायचे, मग मीठ चोळायचं. आबाजी स्वतः खाट टाकून बसले होते म्हणे, कारण लोक मिशीचे केस आणि नखं काढून न्यायचे. चरबी तर सांधेदुखीसाठी आधीच वाटून झालेली असायची.

खारवलेलं कातडं आणि कवटी बारदानात बांधून बंडीनं नागभीड स्टेशनावर गेली. तिथून अरुंद रुळांच्या गाडीनं चांदा फोर्ट, चांद्याला मोठ्या गाडीत बदली. बल्लारशा ते काझीपेठ हा रस्ता १९२९ ला सुरू झाल्यामुळे मद्रासकडे सरळ जाता येत होतं. पुढे बंगलोर, आणि तिथून मीटरगेजच्या गाडीनं म्हैसूर. म्हैसुरात व्हॅन इंगन यांचा कारखाना होता. देशभरातले राजे, साहेब आणि आमच्यासारखे मालगुजार तिथंच कातडी पाठवत. कागदाच्या लगद्याचे साचे करून त्यावर ते जनावर असं चढवायचे, की बघणारा दचकला पाहिजे.

म्हणजे तीन मापांचे रूळ झाले आणि चार राज्यं झाली : मध्यप्रांत, निजामाचा मुलूख, मद्रास इलाखा, म्हैसूर संस्थान. येताना तोच रस्ता उलटा. सोबत कागद एकच, रेल्वेची बिल्टी. ती आबाजींनी जपून ठेवली होती. मालाच्या रकान्यात 'कातडे, नग १' एवढंच.

त्यानंतर वाघ ओसरीवरून हलला नाही, पण त्याच्याभोवतीच्या हद्दी हलत राहिल्या. १९५० ला मध्यप्रांताचा मध्य प्रदेश झाला. १९५१ ला मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. १९७० ला वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बाबा मास्तर होते, कागदाला भिणारे. त्यांनी अर्ज केला, वनखात्याचा माणूस येऊन मापं घेऊन गेला, आणि वाघाला मालकीचा दाखला मिळाला.

बाबा २००६ ला गेले. तेराव्यानंतर वाटणीचं बोलणं निघालं. शेत माझ्याकडे राहिलं. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीत. तो म्हणाला, "दादा, मला बाकी काही नको. वाघ तेवढा दे." मी हो म्हटलं. मग त्यानं माळ्यावरचं एक गाठोडं खाली काढलं. आत बिबट्याचं कातडं होतं. आबाजींचंच, पण साधं, घरीच कमावलेलं. त्याचा दाखला नव्हता. बाबांना ते आठवलं नसेल, किंवा त्यांनी आठवू दिलं नसेल. २००३ ला सरकारनं अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. तीही निघून गेली होती.

भाऊ म्हणाला, "दोन्ही डिकीत टाकतो, वर गादी टाकतो. राजुऱ्यावरून रात्री निघालो तर कोन पाहते?"

कोणी पाहिलं नसतंही. पण मी वकिलाकडून कायदा समजून घेतला होता. वारशानं आलेली वस्तू नव्वद दिवसांत जाहीर करावी लागते. दाखला असलेली वस्तू दुसऱ्या राज्यात नेली, तर तीस दिवसांत तिथल्या वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी पाहिल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाल्यानं माल घ्यायचाच नाही. विकायचा तर प्रश्नच नाही. आणि बिनदाखल्याचं कातडं घरात सापडलं, तर ते बेकायदाच आहे असं धरलं जातं. तसं नाही हे आपण सिद्ध करायचं. शिक्षा तीन ते सात वर्षं. आबाजींनी गोळी झाडली तेव्हा गुन्हा नव्हता, पण हे सांगायला साक्षीदार कुठून आणायचा?

साक्षीदार एक होता. हाक्यातला म्हातारा, नव्वदीला टेकलेला. मी त्याच्याकडे गेलो. त्याचा डावा खांदा लहानपणापासून मला वाकडाच दिसत आलेला. सगळं ऐकून तो हसला. "तवा कोन इचारे, मालक? जंगल बी तुमचं, वाघ बी तुमचा. हाका तेवढा आमचा." मग खांद्यावरून शर्ट बाजूला केला. "थ्या बिबट्याचंच हाय हे. याचा दाखला कोनी नाई देल्ला."

आबाजींच्या वहीत त्या बिबट्याची लांबी इंचापर्यंत लिहिलेली आहे. हाक्यातल्या माणसांचा उल्लेख 'मजुरी' या शब्दात आहे.

बिबट्याचं कातडं मी स्वतः वनखात्याच्या ऑफिसात नेऊन दिलं. जबाब झाला, पंचनामा झाला. म्हाताऱ्यानं अंगठा दिला. सहा महिने चकरा मारल्या आणि सहा महिने झोप नव्हती. मग प्रकरण मिटलं. भाऊ त्या काळात माझ्याशी बोलत नव्हता. त्याच्या मते मी घरातली वस्तू दारावर नेऊन टाकली होती.

वाघाचे कागद मात्र सगळे झाले. भावानं वारसा जाहीर केला, परवानगी निघाली, आणि एका सकाळी वाघ टेम्पोत चढला. या वेळी बरोबर अख्खी फाईल होती. नाक्यावर पोलिसानं ताडपत्री उचलून पाहिलं, कागद पाहिले आणि विचारलं, "साहेब, हे खरंच मेलेलं आहे ना?" भाऊ हसला. त्या रात्री त्यानं पहिल्यांदा फोन केला.

पुढे २०१४ ला हैदराबादही दुसऱ्या राज्यात गेलं, तेलंगणात. वाघ पुन्हा जागेवरच. २०२२ च्या दुरुस्तीनं सोय केली, की दाखला असलेली वस्तू नको असेल, तर कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही. भावाच्या मुली परदेशात. गेल्या वर्षी तो म्हणाला, "दादा, माझ्यामागं याच्या फायली कोन सांभाळणार? देऊन टाकू का?"

मी म्हटलं, दे.

आता माझ्याकडे बिल्टी तेवढी उरली आहे. तिच्या मागच्या बाजूला मी त्या म्हाताऱ्याचं नाव लिहून ठेवलं आहे. १९४३ लाच लिहायला हवं होतं.