पानमळ्याची सावली

सावली ही निसर्गानें फुकट दिलेली वस्तु आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोंकणांत किंवा मावळांत राहणाऱ्या माणसापुरती ती खरीही असेल. परंतु सह्याद्रीपासून दूर, पूर्वेकडे विजापूरच्या सरहद्दीला भिडलेल्या जत तालुक्यांत ती लागू पडत नाहीं. या मुलखावर निसर्गानें छाया धरली ती पर्जन्यछायाच! सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास शिराळ्याकडे डोंगर पावसाळाभर ओले असतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोंकास जतेकडे वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला म्हणजे लोक समाधान मानतात. माळ उघडा, माती हलकी, आणि वैशाखांत दृष्टि पोहोंचेल तेथवर एखादें लिंबाचें किंवा बाभळीचें झाड. अशा ठिकाणीं सावली बी पेरून, पाणी घालून उगवावी लागते. झाडाच्या सावलींत वाढणाऱ्या वनस्पतींचा इतिहास पाहूं जातां या कोरड्या मुलखाच्या शेजारींच त्यांतील एक अत्यंत विचारपूर्ण प्रकरण घडलेलें आढळतें. तें प्रकरण म्हणजे पानमळा.

जतेचा राजकीय इतिहास वाचकांस थोडाबहुत ठाऊक असेल. डफळापूरच्या पाटिलकीवर असलेल्या चव्हाणांच्या घराण्यांतील सटवाजीराव यांनी आदिलशाहीच्या अखेरच्या काळांत जत व आसपासच्या परगण्यांची देशमुखी मिळविली, आणि गांवाच्या नांवावरून घराण्यास डफळे हें नांव पडलें. १६८६ सालीं विजापूर औरंगजेबाच्या हातीं गेलें, तरी डफळ्यांची जहागीर राहिली. १८२० सालीं कंपनी सरकारशीं करार झाला. सातारचें राज्य १८४८ त खालसा झाल्यावर जत इंग्रजांचें मांडलिक बनलें. आणि १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढच्याच वर्षीं तें नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें व १९६० त त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. इतकीं राज्यें बदललीं, परंतु रयतेचा मुख्य प्रश्न बदलला नाहीं. तो प्रश्न पाण्याचा. आणि जेथें पाणी नाहीं तेथें सावलीही नाहीं, म्हणून पर्यायानें तो सावलीचाही प्रश्न होता.

मोठ्या झाडाखालीं काय लावावें, हा प्रश्न जगांत सर्वत्र बागवानांस पडतो. विलायतेंत व अमेरिकेंत मेपल नांवाचा वृक्ष घरोघरच्या अंगणांत असतो. त्याचीं पानें दाट, आणि मुळांचें जाळें जमिनीच्या अगदीं वरच्या थरांत पसरलेलें; त्यामुळें खालीं ऊनही पोहोंचत नाहीं व ओलही टिकत नाहीं. हिरवळ तेथें मरते. म्हणून तिकडील बागवान नेचे लावतात, रुंद पानांचीं छायाप्रिय झुडुपें लावतात, किंवा वसंतांत मेपलला पालवी फुटण्यापूर्वीच फुलून मोकळीं होणारीं कंदवर्गीय झाडें निवडतात. या अडचणीचें मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. झाडाखालच्या रोपास दोन वैरी असतात, वर पर्णभार व खालीं मुळें. आणि यांपैकीं मुळें अधिक कठोर. कारण अंधार सोसणारीं रोपें पुष्कळ असतात, तहान व अंधार दोन्ही एकदम सोसणारीं थोडीं.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट अवगत होती. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय घातला आहे. त्यांत दोन झाडांमधील अंतर वीस हात असावें हें उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ, असें मान दिलें आहे. आणि जवळजवळ लावलेल्या झाडांचीं मुळें एकमेकांत गुंतून तीं नीट फळत नाहींत असें कारणही सांगितलें आहे. ज्योतिषाच्या ग्रंथांत मुळांच्या भांडणाचा हा विचार वाचून कौतुक वाटतें.

आतां पानवेलीकडे वळूं. नागवेल ही मिरीच्या कुळांतील, उष्ण व दमट अरण्यांत मोठ्या झाडांच्या आधारानें चढणारी वेल. तिला ओल पाहिजे, पण मुळाशीं सांचलेलें पाणी चालत नाहीं. उजेड पाहिजे, पण उघडें ऊन सोसत नाहीं. वारा पाहिजे, पण झोंबरा वारा लागला कीं पान फाटतें. अशा लाडक्या वेलीसाठीं हिंदुस्थानांत मुख्यत्वें तीन युक्त्या निघाल्या. पहिली समुद्रकांठची. कोंकणांत व गोमंतकांतील कुळागरांत माडपोफळीची सावली मुळांतच सिद्ध असते. तिच्याखालीं केळ, अननस, हळद, अळू आणि पोफळीच्या खोडावर मिरी व पानवेल, अशी मजल्यावर मजले चढविलेली शेती तेथें चालते. दुसरी युक्ति बंगालची व आपल्याकडे नागपूरजवळील रामटेकची. तेथें बारई लोक गवताकामट्यांचा मांडव घालून त्याच्या आंत वेल वाढवितात. तिसरी युक्ति दख्खनच्या पठारावरची. येथें सिद्ध सावलीही नाहीं व मांडवही नाहीं. येथें वेल लावण्याच्या कांहीं महिने आधीं तिची सावलीच पेरतात.

जतेहून पश्चिमेकडे कवठेमहांकाळ ओलांडून मिरज तालुक्यांत शिरलें म्हणजे आरग, बेडग, नरवाड, मालगांव या बाजूस हे पानमळे दृष्टीस पडतात. बाहेरून पाहणाऱ्यास तें एक दाट बन वाटतें. वास्तविक त्या बनांतील एकही झाड आपोआप उगवलेलें नसतें. पावसाळ्याच्या आरंभीं सरींच्या कडेनें शेवरी, हदगा, पांगारा व शेवगा यांचें बी टोंकतात. हीं झाडें कमरेएवढीं झालीं म्हणजे त्यांच्या पायथ्याशीं वेलीचे तुकडे लावतात. मळ्याच्या चारी कडांस केळी व एरंड यांची भिंत उभी करून वारा अडवितात. वेल जसजशी चढेल तसतशी ती लव्हाळ्यानें झाडास सैल बांधीत जातात. आणि वेल फार उंच गेली म्हणजे ती खालीं उतरवून तिचें खोड मातींत गुंडाळून पुरतात व शेंडा पुन्हां झाडास लावून देतात. या कामास उतरण म्हणतात. उतरणीनें म्हाताऱ्या वेलीस नवीं मुळें फुटतात व तीच वेल कित्येक वर्षें पान देते.

येथें निवड कोणत्या झाडांची केली आहे हें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. शेवरी, हदगा व पांगारा हीं तिन्ही शेंगवर्गीय झाडें. त्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात; म्हणजे मेपलसारखीं तीं वेलीच्या तोंडचा घांस काढून घेत नाहींत, उलट जमिनीची भर करतात. शेवरीहदग्याचें पान बारीक पिसासारखें, तेव्हां त्यांतून ऊन गाळून खालीं येतें. झाडें लवकर वाढतात व छाटणी सोसतात. म्हणून पावसाळ्यांत आभाळ भरलेलें असतां फांद्या छाटून उजेड मोकळा करावयाचा व उन्हाळ्यापूर्वी त्या पुन्हां दाट होऊं द्यावयाच्या, अशी सावली कमीअधिक करण्याची सोय शेतकऱ्याच्या कोयत्यांत राहते. छाटलेला पाला शेळ्यामेंढ्यांस चारा होतो किंवा मळ्यांतच कुजून खत होतो. हदग्याच्या फुलांची व शेवग्याच्या शेंगांची भाजी घरीं होते. नत्राची उपपत्ति युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाली. आमच्या माळ्यास ती ठाऊक नव्हती. परंतु कोणत्या झाडाखालीं वेल हिरवी राहते व कोणत्याखालीं पिवळी पडते, हें तो पिढ्यान् पिढ्या पाहत आला होता.

एवढा खटाटोप एका पानासाठीं कां केला जात असे, हें समजण्यास त्या पानाची प्रतिष्ठा ध्यानांत घेतली पाहिजे. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य याच पठारावर पसरलें होतें. त्या घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या उपभोगांमध्यें तांबूलासही स्वतंत्र स्थान दिलें आहे. चौदाव्या शतकांत आलेल्या इब्न बतूतानें पानवेलीच्या लागवडीचें वर्णन लिहून ठेविलें आहे. १४४३ त विजयनगरास आलेल्या अब्दुर्रझाक या इराणी वकिलासही तांबूलाची मोठी नवलाई वाटली. दरबारांत विडा देऊन निरोप देत, कामगिरीवर पाठवितांना विडा ठेवीत. म्हणून विडा उचलणें हा वाक्प्रचार आजही मराठींत जिवंत आहे. देवाच्या पूजेपासून लग्नाच्या पानसुपारीपर्यंत या पानावांचून गृहस्थाचें कोणतेंच कार्य पुरें होत नाहीं. तेव्हां जेथें सावलीचें एक झाड वांचविणें कठीण, त्या मुलखाच्या उंबरठ्यावर माणसानें हजारों झाडांची सावली उभी केली ती केवळ चैनीसाठीं नव्हे. मानपानाची सारी व्यवस्था त्या पानावर उभी होती.

मात्र ही सावली विहिरीच्या पाण्यावर उभी होती हें विसरतां कामा नये. मोटेनें पाणी काढून पाटानें तें वेलीच्या मुळाशीं नेणें हें बारमाही काम. ज्याची विहीर आटली त्याचा मळा गेला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ या भागास फार भोंवला. १८९९ व १९७२ च्या दुष्काळांच्या आठवणीही घरोघर आहेत. ज्वारीबाजरीचें शेत एका वर्षाचें बुडतें व पुढल्या पावसांत पुन्हां उभें राहतें. पानमळा बुडाला म्हणजे वेल, सावली व कित्येक वर्षांची मशागत एकदम बुडते. त्यामुळें पानमळ्याचा धंदा विहीर व मनुष्यबळ असणाऱ्यांच्याच हातीं राहिला. पुणें, सोलापूर या बाजूस तिरगूळ ब्राह्मण हे पानमळ्यासाठीं प्रसिद्ध होते, ही गोष्ट जातीजातींच्या धंद्यांविषयीं ठाम मतें बाळगणाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

पानमळ्यांत शिरतांना पादत्राणें बाहेर काढण्याची रीत अनेक ठिकाणीं आहे. नागवेल ही देवता, म्हणून हा सोंवळेपणा, असें सांगतात. बाहेरच्या चिखलाबरोबर मूळकुजव्या रोगाचें बीज आंत येतें व एकदां मर लागली कीं मळाच्या मळा वाळतो, हें पाहिलें असतां या रीतींत शहाणपण दिसतें. याच सोंवळ्याच्या नांवाखालीं विटाळशी स्त्रियांस मळ्यांत मज्जाव करण्याची चाल मात्र निव्वळ रूढीची; रोगाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. जुन्या शेतकीचें कौतुक करतांना हें निवडून घेण्याचें काम आपणच केलें पाहिजे.

ज्यांच्यापाशीं मळा नाहीं, केवळ परसूं व त्यांत एखादें जुनें झाड आहे, त्यांसही या इतिहासांतून कांहीं घेतां येईल. लिंबाखालीं गुळवेल लावून ती त्याच्यावरच चढवावी. लिंबावरची गुळवेल वैद्य विशेष गुणकारी मानतात. शेवगा किंवा हदगा यांच्या विरळ सावलींत हळद, आलें व सुरण उत्तम येतात. सांडपाण्याच्या कडेस अळू येतो. कोरड्या कडेस अडुळसा तग धरतो. चिंचेखालीं मात्र हट्ट करूं नये. तिच्याखालीं कांहीं उगवत नाहीं ही जुनी समजूत अगदीं पोकळ नाहीं. तिच्या पानांत व बियांत इतर रोपांची वाढ रोखणारीं द्रव्यें असल्याचें प्रयोगांतही दिसून आलें आहे. तिच्या सावलींत बाज टाकावी, वाफा करूं नये.

आतां या सावलीचें पुढें काय, हा प्रश्न उरतो. गुटख्यानें विड्याची जागा घेतली. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यास बंदी झाली तरी गेलेली चाल पूर्ववत् परत आली नाहीं. २०२० च्या महामारींत पानपट्ट्या बंद राहिल्या. मिरज तालुक्यांतील भोसे येथें सुमारें चारशें वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड महामार्गाच्या रुंदीकरणांत तुटणार होता. २०२० सालीं लोकांनीं चळवळ करून तो वांचविला व रस्त्याची आंखणी बदलून घेतली. पण २०२२ त तो वड कोसळला. झाड वांचविण्याची इच्छा लोकांत आहे हें यावरून दिसतें. त्याबरोबरच एका झाडावर सावलीचा सारा भार टाकून चालत नाहीं हेंही दिसतें. मागून येणारें झाड आधींच लावलेलें असावें लागतें.

जतेच्या माळावर म्हैसाळच्या उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी कांहीं भागांत पोहोंचलें आहे. जेथें पोहोंचलें नाहीं, तेथील पूर्वेकडच्या कांहीं गांवांनीं २०१२ त कर्नाटकांत जाण्याची भाषा केली, व २०२२ त तो वाद पुन्हां उठला. तहानेचा प्रश्न राज्यांच्या सीमांपर्यंत जातो तो असा. हें पाणी जेथें येईल तेथें पहिल्याच वर्षीं तें सारें उघड्या पिकांस देऊन टाकण्याचा मोह होणार. शेतावर जाळी ताणूनही सावली करतां येते, आणि ती तात्काळ मिळते हेंही खरें. परंतु जाळी नत्र देत नाहीं, चारा देत नाहीं, पाखरांस घर देत नाहीं, आणि फाटली म्हणजे पुन्हां विकत घ्यावी लागते. पानमळ्याच्या शेतकऱ्यानें आधीं वेलीचा स्वभाव ओळखला, मग तिला साजेल असें झाड शोधलें आणि वेलीच्या आधीं तें पेरलें. नव्या पाण्याच्या पाटावर बांधाच्या कडेनें शेवरी, हदगा व पांगारा यांची एक ओळ लावण्यास फार पाणी लागत नाहीं. त्या ओळीखालीं पान लावावें कीं हळद, हें पुढल्या पिढीनें ठरवावें. ठरवावयास तिला सावली तरी असेल.