सरपंच जनतेचा, बहुमत कोणाचे?

आपला सरपंच आपणच निवडावा, मध्ये सदस्यांची मिजास कशाला, हे मत महाराष्ट्रात आता जवळपास निर्विवाद मानले जाते. 2016 मध्ये नगराध्यक्ष आणि 2017 मध्ये सरपंच थेट मतदारांतून निवडण्याची तरतूद झाली. 2020 मध्ये महाविकास आघाडीने ती काढून टाकली. 2022 मध्ये शिंदे सरकारने परत आणली. सहा-सात वर्षांत नियम तीनदा फिरला आणि प्रत्येक वेळी फिरवणाऱ्याने लोकशाहीचेच नाव घेतले. तिन्ही वेळा सत्तेतल्या पक्षांना कोणती पद्धत सोयीची होती, हे ज्याचे त्याने पाहावे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. सदस्यांतून सरपंच निवडायचा तेव्हा निकालाच्या रात्रीच दोन-चार सदस्य ‘सहली’ला जात, ते निवडीच्या सभेलाच गाडीतून उतरत. पुढे वर्षभरात एखाद्याचे मन फिरले की अविश्वास ठराव, मग पुन्हा सहल. थेट निवडीचे समर्थक म्हणतात, निवडच मतदारांकडे दिली की विकत घ्यायला कोणी उरत नाही, सरपंचाला पाच वर्षे शांतपणे काम करता येते आणि पंचायत लोकांची होते. यातली पहिली तक्रार खरी आहे. प्रश्न उपायाचा आहे.

कायद्याने मतदाराच्या हातात दोन प्रकारची मते दिली, सदस्यांसाठी वेगळी आणि सरपंचासाठी वेगळे. ती एकाच पॅनेलला पडतील असे कुठे लिहिले आहे? सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, हे चित्र त्यानंतर गावोगाव दिसू लागले. समजा, नऊ सदस्यांपैकी सहा सरपंचाच्या विरोधात आहेत. मासिक सभेत विषय मंजूर होत नाहीत, अंदाजपत्रक अडते, वित्त आयोगाचा निधी आला तरी कोणत्या वस्तीत गटार करायचे यावर एकमत होत नाही. बरे, सरपंचाला काढावे, तर पहिली दोन वर्षे ठराव आणताच येत नाही. नंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेने गुप्त मतदानाने तो मान्य करायला हवा. नवातले सहा म्हणजे तीन चतुर्थांश नव्हेत. थोडक्यात, सहा जणांना सरपंच हटवता येत नाही आणि सरपंचाला सहा जणांशिवाय चालता येत नाही. स्थैर्य म्हणायचे ते यालाच, कारण इथे काहीच हलत नाही.

विकत घ्यायला कोणी उरत नाही, हेही खरे नाही. आता सौदा निवडीच्या सभेत होत नाही, दर महिन्याच्या ठरावावर होतो. शिवाय पैशाचा रोग फक्त सदस्यांच्या बंद खोलीत असतो, हे गृहीतकच तपासून घ्यावे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचे जाहीर लिलाव झाल्याचे समोर आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तिथल्या निवडणुका रद्द केल्या. तेव्हा थेट निवड नव्हती, हे मान्य. पण तो बाजार काही सहलीला गेलेल्या चार सदस्यांनी मांडलेला नव्हता, तो गावात उघड भरला होता.

हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून पाहिला आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचित येतो याचे मला नवल वाटते. इस्रायलच्या 120 सदस्यांच्या संसदेत छोटे पक्ष मोठ्यांना वेठीस धरत. त्यावर इलाज म्हणून 1992 मध्ये कायदा झाला की पंतप्रधान मतदारांनीच थेट निवडायचा. अपेक्षा अशी की लोकांचा कौल घेऊन आलेल्या पंतप्रधानाला कोणाची मनधरणी करावी लागणार नाही. 1996 मध्ये पहिल्यांदा मतदाराला दोन मतपत्रिका मिळाल्या आणि त्याने त्या हुशारीने वापरल्या. पंतप्रधान ठरवण्याची चिंता एका मतपत्रिकेने मिटली होती, तेव्हा दुसरी त्याने आपल्या पंथाच्या, आपल्या समाजाच्या पक्षाला दिली. मजूर पक्ष आणि लिकुड या दोन मोठ्या पक्षांच्या मिळून 1992 मध्ये 76 जागा होत्या. 1996 मध्ये त्या 66 झाल्या आणि 1999 मध्ये 45. शास हा धार्मिक पक्ष याच काळात 6 वरून 17 वर गेला. एहूद बराक 1999 मध्ये 56 टक्के मते घेऊन निवडून आले, पण संसदेत त्यांच्या आघाडीचे सदस्य अवघे 26. दीड वर्षात त्यांना राजीनामा द्यावा लागला. 2001 मध्ये एरियल शेरॉन 62 टक्के मतांनी जिंकले, तेव्हा त्यांच्या पक्षाकडे 19 जागा होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रायलने कायदा रद्द करून जुनी पद्धत परत आणली. ज्या रोगावर औषध दिले होते, तो औषधानेच बळावला.

अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो. तिथला अध्यक्ष थेट निवडलाच जात नाही. 538 निर्वाचकांचे मंडळ त्याला निवडते, आणि देशभरात कमी मते मिळूनही 2000 मध्ये जॉर्ज बुश आणि 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. तिथे अध्यक्ष आणि काँग्रेस यांचे अधिकार राज्यघटनेनेच वेगळे केले आहेत. आपण मात्र अधिकार सामाईक ठेवतो आणि कौल तेवढे दोन घेतो.

मुळात हा वाद नवा नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी तो नेमका मांडला होता. कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी, पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. त्यामागचे कारण आजही लक्षात घेण्याजोगे आहे. मतदार हिशेब घेतो तो निवडणुकीच्या वेळी, सभागृह तो रोज घेते, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या टांगत्या तलवारीने. (याच भाषणात त्यांनी खेड्यांवर जे कोरडे ओढले, ते पाहता ग्रामपंचायतीच्या वादात त्यांना साक्षीला बोलावताना मी जरा बिचकतोच.) थेट निवडीचा समर्थक पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या हिशेबाला सर्वस्व मानतो आणि रोजचा हिशेब घेणाऱ्यांचे हात बांधतो. त्याला अधिक लोकशाही म्हणणे मला पटत नाही.

घटनेनेही हा प्रश्न सरधोपटपणे सोडवलेला नाही. 73 व्या दुरुस्तीने आलेल्या कलम 243-सी मध्ये गावपातळीवरची पद्धत राज्यावर सोपवली आहे, पण तालुका आणि जिल्हा पातळीवरचा अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडावा असे बंधन आहे. म्हणजे थेट निवड हाच लोकशाहीचा कस मानला, तर आपली प्रत्येक जिल्हा परिषद घटनेच्याच आज्ञेने त्यात नापास ठरते.

मग सहलींचे काय करायचे? 1949 च्या जर्मन घटनेचे कलम 67 इथे उपयोगी आहे. चॅन्सेलरला हटवायचे तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडावा लागतो. नुसते पाडण्यासाठी एकत्र येणाऱ्यांना तिथे वाव नाही. 1982 मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले ते असेच, एका मतदानात. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात हे आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. पण त्याच जर्मनीत 1972 मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा ठराव दोन मतांनी पडला आणि विरोधकांतलीच मते विकत घेतली गेल्याचे पुढे उघड झाले. ते मतदान गुप्त होते. म्हणून अविश्वासाच्या ठरावातच नव्या सरपंचाचे नाव असावे, आणि सदस्यांचे मत हात वर करून, नावानिशी इतिवृत्तात नोंदले जावे. मतदाराला गुप्त मतदानाचा हक्क आहे, कारण तो कोणाचा प्रतिनिधी नाही. सदस्य प्रतिनिधी आहे. त्याने कोणाला मत दिले हे त्याच्या वॉर्डाला कळू नये, यासाठी एकही सबळ कारण मला सापडत नाही.