पन्हा, बिल आणि पीएचपीची जुनी जोडणी
वेबसाइटची भाषा पीएचपी आणि डेटाबेस मायएसक्यूएल ही दोन्ही साधने १९९५मधली. त्यांना जोडणाऱ्या पहिल्या लायब्ररीचे नावही नुसते ‘मायएसक्यूएल’च होते. बिनखर्चाची ही जोडी सुरतेसारख्या कापडपेठेत साड्यांच्या कॅटलॉगला आणि बिलांना सोयीची होती.

त्या लायब्ररीची खोट मात्र मुळातच होती. आज्ञा आणि माहिती दोन्ही एकाच ओळीत शिवून पाठवाव्या लागत. कापडाचा पन्हा इंचांत लिहितात आणि इंचाची खूण म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. आज्ञेतला मजकूर त्याच चिन्हात बांधलेला असेल, तर ‘४४"’ लिहिताच मजकूर तिथेच संपतो आणि पुढचे शब्द आज्ञा म्हणून वाचले जातात. घुसखोरांचा एसक्यूएल इंजेक्शनचा मार्ग हाच. चिन्हे निष्प्रभ करणारे फंक्शन होते, पण ते दर वेळी आठवणीने वापरावे लागे आणि एक विसरही महागात पडे.

मायएसक्यूएल ४.१ने आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवण्याची सोय दिली. ती वापरणारी ‘मायएसक्यूएलआय’ जुलै २००४मध्ये पीएचपी ५सोबत आली. जुनी लायब्ररी मागेच राहिली, तरी चालू कोडला कोणी हात लावत नव्हते. जून २०१३मध्ये पीएचपी ५.५ ती वापरल्यास इशारे देऊ लागली. डिसेंबर २०१५च्या पीएचपी ७मधून लायब्ररी काढूनच टाकली गेली. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेसने एप्रिल २०१४च्या ३.९ आवृत्तीतच नवी जोडणी स्वीकारली. डेटाबेसचा सारा व्यवहार एकाच क्लासमधून होत असल्याने ते तुलनेने सहज जमले.

१ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळला; पण बिलांचे प्रोग्राम बदलणे भागच होते. जुनी लायब्ररी चालवणाऱ्या पीएचपी ५.६ची सुरक्षा-दुरुस्तीही ३१ डिसेंबर २०१८ला थांबणार होती. कोड उघडलाच आहे तर जोडणीही बदलावी, हाच शहाणपणाचा हिशेब होता.

नावात फक्त एक ‘आय’ वाढतो, पण काम तेवढ्यावर भागत नाही. जुन्या क्वेरी-फंक्शनला जोडणी सांगितली नाही तरी चाले; नव्याला ती आधी आणि न चुकता द्यावी लागते. नुसती नावे बदलली तर पन्ह्याचा धोका तसाच उरतो. प्रत्येक आज्ञेत माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून माहिती स्वतंत्र बांधावी लागते. गुजराती नावांची अडचण आणखी वेगळी. पुष्कळ जुन्या टेबलांत ती युनिकोडमध्ये असूनही लॅटिन म्हणून नोंदलेली असत. नवी जोडणी यूटीएफ-८वर ठेवली की अक्षरांचा चुराडा दिसे. म्हणून आधी प्रत काढून टेबलांचे रूपांतर करायचे, नावे नीट वाचता येतात का ते पाहायचे आणि मगच जोडणी बदलायची.