पदकावरची अक्षरे

आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव असला, तरी मी लिहिणार आहे सोन्याबद्दल. दागिन्यांच्या नव्हे, तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या आणि चाली बांधणाऱ्यांच्या सन्मानासाठी घडवलेल्या सोन्याबद्दल.

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्या भोगवर्धनकरांची नोंद कोरलेली आहे. त्यांनी दिलेलं धन कधीच संपलं. गावाचं नाव मात्र दोन हजार वर्षं टिकलं. जुन्या पदकाचंही तसंच आहे. भाव सोन्याला, मोल अक्षरांना.

संगीताचा मान सोन्यावर उमटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताने वीणा वाजवत बसलेली स्वतःची प्रतिमा सोन्याच्या नाण्यावर काढली. १९४६ साली राजस्थानात बयाणाजवळ जमिनीत सापडलेल्या तांब्याच्या भांड्यातही अशी नाणी होती. त्यातली १८२१ नाणी वाचली. काही त्याआधीच वितळली गेली. वाचलेल्या नाण्यांची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध केली ती एका मराठी माणसाने, कोल्हापूरकडच्या म्हाकव्याच्या डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी.

आता मराठी रंगभूमीकडे येऊ. १९११ साली गोविंदराव टेंबे यांच्या चालींचं ‘मानापमान’ आलं, १९१६ साली भास्करबुवा बखले यांच्या चालींचं ‘स्वयंवर’. त्या काळी गाणं रंगलं की रसिक मंडळी कलावंताला पदक देत. जुन्या फोटोंत गवयांच्या कोटावर पदकांची रांग दिसते ती उगीच नाही. पदकावर कलावंताचं नाव, गाव, साल, देणाऱ्याचं नाव असे. कुठल्या गावाने कुणाला डोक्यावर घेतलं, हा इतिहास कित्येकदा तेवढ्याच जागेत लिहिलेला असतो.

आमच्या आजोबांनाही पेटीवादनाबद्दल असंच एक छोटं पदक मिळालं होतं. ताईच्या लग्नात ते मोडून कुड्या केल्या. कुड्या अजून आहेत. पण पदक कुठल्या गावाने, कोणत्या साली दिलं, हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. गरजेला सोनं मोडावं लागतं, त्यात लाज नाही. आधी अक्षरं उतरवून घेतली नाहीत, ही चूक.

रवींद्रनाथ टागोरांचं १९१३ चं नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेलं. नोबेल संस्थेने नंतर प्रतिकृती दिली. आपल्या घरच्या पदकाची प्रतिकृती कोण देणार?

म्हणून जुनी पदके जमवणाऱ्यांचे दोन-चार साधे नियम आपणही पाळू या. पदक चिंच किंवा पावडर लावून घासू नका, अक्षरं झिजतात. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वजन लिहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याची हकीकत टिपून ठेवा. जुन्या पदकावर हॉलमार्क नसतो, आणि बरीच पदके चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली असतात. सराफाला कसोटीवर घासायला दिलंच, तर कडेने घासायला सांगा.

कायदाही माहीत असावा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तू ठरतात. त्या परदेशी विकायला नेता येत नाहीत. म्हणजे ‘मानापमान’च्या पहिल्या दिवसांतली पदके आज त्या वयाची झाली. आणि आपल्याकडे शेतात जुनं नाणं सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

या दिवाळीत कपाट आवराल, तेव्हा डब्याच्या तळाशी एखादं पदक निघेल. शाळेतल्या गायनाचं असो की भजनी मंडळाचं, आधी त्यावरची अक्षरं वाचा, वहीत उतरवा. मग ठेवायचं की मोडायचं, ते ठरवा.