व्हाइटस्टोन हिल ते कॅननबॉल

मोर्च्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा आकड्यांवर थांबतो : किती माणसे जमली, किती पकडली गेली. २०१६ साली नॉर्थ डकोटात, कॅननबॉल व मिसूरी या नद्यांच्या संगमापाशी डकोटा अ‍ॅक्सेस तेलवाहिनीविरुद्ध जो समुदाय एकवटला, त्याचे मर्म आकड्यांत सापडत नाही. ते एका तारखेत आहे.

बाकेन क्षेत्रातील तेल इलिनॉयला नेणारी ही सुमारे १,८८० किलोमीटरची वाहिनी स्टँडिंग रॉक या सू जमातीच्या राखीव प्रदेशाच्या उत्तरेस ओआहे जलाशयाखालून जाते. १८५१च्या तहाने हा भाग सूंचाच मानला होता. एप्रिलमध्ये लाडोना ब्रेव्ह बुल अलार्ड यांच्या जमिनीवर पहिली छावणी पडली. अलार्ड स्वत: जमातीच्या इतिहासाच्या अभ्यासक. जमातीने न्यायालयाला दफनस्थळांची माहिती सादर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, त्याच परिसरात बुलडोझर फिरले. अडवायला गेलेल्यांवर खाजगी सुरक्षारक्षकांनी कुत्री सोडली. बरोबर १५३ वर्षांपूर्वी, ३ सप्टेंबर १८६३ रोजी, जनरल सली यांच्या सैन्याने व्हाइटस्टोन हिल येथे सूंच्या तळावर हल्ला केला होता. त्या संहारातून वाचलेली नऊ वर्षांची एक मुलगी ही अलार्ड यांची खापरपणजी. ही हकीकत सांगणारा त्यांचा लेख नेमका त्याच दिवशी प्रसिद्ध झाला! याला योगायोग म्हणून सोडून देणे मला तरी सोपे वाटत नाही.

जमलेली माणसे स्वत:ला आंदोलक म्हणवून घेत नसत, ‘जलरक्षक’ म्हणत. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. निषेधाला प्रतिपक्ष लागतो, रक्षणाला लागत नाही. ते प्रतिपक्ष येण्याआधीपासून चालू असते. परंतु ज्या पाण्याचे रक्षण करायचे ते ओआहेचे. विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या या धरणाने स्टँडिंग रॉक व शेजारच्या शायेन रिव्हर या दोन राखीव प्रदेशांची मिळून दीड लाख एकरांहून अधिक जमीन बुडवली होती. जमीन गिळणाऱ्या पाण्यालाच जीवन म्हणायचे, हा पेच कोणत्याही घोषणेत मावणारा नव्हे.

पुढचे थोडक्यात. ४ डिसेंबर २०१६ला लष्कराने जलाशयाखालून जाण्यास परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०१७मध्ये, सत्ताबदलानंतर, ती मिळाली आणि छावणी उठवण्यात आली. जूनमध्ये तेल वाहू लागले. २०२० साली न्यायालयाने पर्यावरणाचा सविस्तर आढावा घेण्याचा आदेश दिला. वाहिनी मात्र बंद झाली नाही. अलार्ड एप्रिल २०२१मध्ये वारल्या.