खड्ग, गण्डक आणि गेंडा

खड्ग म्हणजे तरवार, हें लहान मुलासही ठाऊक असतें. आणि याच परिचयामुळें जुन्या ग्रंथांतील एक मोठा पशु वाचकांच्या दृष्टीआड झाला आहे. अमरसिंहानें सिंहादिवर्गांत गण्डक, खड्ग व खड्गी हे तीन शब्द एकाच प्राण्याचे पर्याय म्हणून दिले आहेत. तो प्राणी म्हणजे आपला गेंडा. वाङ्मयांतील पौर्वापर्य पाहिलें तर पशूचा अर्थच जुना ठरतो. वाजसनेयी संहितेच्या चोविसाव्या अध्यायांत अश्वमेधाच्या पशूंची जी याद आहे तींत खड्ग येतो, व शांखायन श्रौतसूत्रांत रथास गेंड्याच्या कातड्याचें आच्छादन सांगितलें आहे. तरवारीस त्या काळीं असि हा शब्द होता. खड्ग हा शब्द त्या अर्थानें मागाहून रूढ झाला.

मनुस्मृतींत हा पशु दोनदां भेटतो. पांचव्या अध्यायांत भक्ष्य पंचनखांमध्यें साळू, घोरपड, कांसव व ससा यांच्या पंक्तीस त्याला बसविलें आहे. (गेंड्याच्या पायास तीनच खूर असतात; तेव्हां ही गणना कोणी नखें मोजून केलेली दिसत नाहीं.) तिसऱ्या अध्यायांत पितरांस अक्षय तृप्ति देणाऱ्या द्रव्यांत त्याच्या मांसाचा निर्देश आहे. दुर्मिळ वस्तूची स्तुति करण्याची शास्त्रकारांस हौस असते, तेव्हां एवढ्यावरून गेंडा सुलभ होता असें म्हणतां येणार नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच ग्रंथाबाहेरचा पुरावा पाहणें अवश्य आहे.

आज गेंडा म्हटला कीं आसाम डोळ्यांपुढें येतो, आणि तें स्वाभाविकच आहे. इ. स. २०२२ च्या गणतींत एकट्या काझीरंगांत २६१३ गेंडे भरले, नेपाळांत इ. स. २०२१ मध्यें ७५२ होते, व त्यांतील बहुतेक चितवनांत. उत्तर बंगालच्या जलदापारा व गोरुमारा या अरण्यांतही ते आहेत. परंतु सिंधुसंस्कृतीच्या मुद्रा पाहाव्यात. त्यांवर कातडीच्या घड्यांसकट कोरलेला एकशिंगी गेंडा इतका हुबेहूब आहे कीं, कारागिरानें तो प्रत्यक्ष पाहिला असला पाहिजे. उत्तर गुजराथेंत लांघणज येथें डॉ. हसमुख सांकळिया यांच्या उत्खननांत गेंड्याच्या खांद्याचें हाड मिळालें, व त्यावरील खळग्यांवरून त्याचा ऐरणीसारखा उपयोग होत असावा असें ठरलें. गेंड्यास उंच गवत व लोळण्यास चिखलाचें डबकें लागतें. आज जेथें वाळू उडते तेथें एके काळीं बारमास पाणी टिकत असे, ही गोष्ट एका हाडानें सांगितली.

महाराष्ट्राचा या प्रकरणाशीं एक चमत्कारिक संबंध आहे. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें इ. स. १९७४ मध्यें जीं चार भरींव तांब्याचीं शिल्पें निघालीं, त्यांत बैलगाडी, हत्ती व रेडा यांच्या जोडीला चाकांवर उभा असलेला गेंडा आहे. या शिल्पांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. प्रवरेच्या खोऱ्यांत तेव्हां गेंडे होते, असें या एका मूर्तीवरून आम्ही म्हणणार नाहीं. सिंधूकडील परंपरा घेऊन आलेल्या कारागिरानेंही ती घडविली असूं शकेल.

वायव्येकडील पुरावा अधिक भरघोस आहे. पाली सुत्तनिपातांत खग्गविसाण नांवाचें सुत्त आहे. एकट्यानें विचरावें, हा त्याचा उपदेश. मुनीनें गेंड्याप्रमाणें एकटें हिंडावें, कीं गेंड्याच्या शिंगाप्रमाणें एकटें असावें, याविषयीं पंडितांचा वाद आहे. आमच्या मतें शिंगाचा अर्थ शब्दाला धरून आहे, व एकट्या चरणाऱ्या पशूचा अर्थ अनुभवाला धरून. ऐकणाऱ्याच्या मनांत दोन्ही एकदमच उभे राहत असले पाहिजेत. याच सुत्ताची गांधारी भाषेंतील, खरोष्ठी लिपींत भूर्जपत्रावर लिहिलेली प्रत इ. स. २००० मध्यें रिचर्ड सॅलोमन यांनीं संपादून प्रसिद्ध केली. गांधारच्या भिक्षूंना ही उपमा परदेशची वाटत नसावी, असें मानण्यास पुढील काळांतील यावनी ग्रंथांचा आधार आहे.

इब्न बतूता इ. स. १३३३ मध्यें सिंधु ओलांडून येतांच त्याला बोरूच्या रानांत गेंडा दिसला. बाबराचा लेख त्याहून मोलाचा. पेशावर व हश्तनगर यांच्या रानांत, सिंधु व भेरा यांच्या मधल्या प्रदेशांत आणि शरयूच्या तीरीं गेंडे विपुल आहेत, असें तो स्थळवार नमूद करितो. गेंडा शिंगावर हत्तीस उचलतो या लोकवार्तेवर त्याचा विश्वास नाहीं. शिकारींत एका हुजऱ्याचा घोडा गेंड्यानें शिंगानें भिरकावला, तेव्हां त्या हुजऱ्याच्या मकसूद या नांवावर कोटी करून लोक त्याला 'गेंड्याचें लक्ष्य' म्हणूं लागले, हेंही त्यानें टिपलें आहे. इ. स. १५२५ च्या स्वारींत पेशावराजवळ गेंडा व हत्ती समोरासमोर आल्यास काय होईल हें पाहण्याची त्याला संधि मिळाली. महातांनीं हत्ती आणले, परंतु गेंडा तोंड न देतां दुसरीकडे पळून गेला. राजाच्या रोजनिशींत लढायांइतकीच जागा अशा गोष्टींस मिळावी, हें आमच्या बखरकारांस सुचलें असतें तर किती बरें झालें असतें!

हाच प्रयोग त्यापूर्वीं दहा वर्षें लिस्बन येथें झाला होता. गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह यानें आल्बुकेर्क यास एक गेंडा नजर केला, तो इ. स. १५१५ च्या जानेवारींत गोव्याहून गलबतावर चढवून पोर्तुगालांत पाठविण्यांत आला. तेथें राजानें त्यास हत्तीसमोर उभें केलें, तों हत्तीच पळाला. पुढें पोपकडे नेत असतां जहाज बुडून तो मेला. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें त्यास न पाहतां केवळ वर्णनावरून त्याचें चित्र काढलें, आणि तेंच युरोपांत शतकानुशतकें प्रमाण मानलें गेलें. पोर्तुगीज त्यास गंडा म्हणत. आमचा गण्डक असा समुद्रापार गेला.

गुप्तांचीं नाणीं जमविणाऱ्यांस कुमारगुप्ताचें खड्गवधाचें सुवर्णनाणें ठाऊक असेल. त्यावर घोड्यावर बसलेला राजा गेंड्यावर तरवार उगारून आहे, आणि लेखांत 'खड्गत्राता' हें पद आहे. तरवारीनें रक्षण करणारा व गेंड्यापासून रक्षण करणारा असा दुहेरी अर्थ एका शब्दांत साधला आहे. बयानाच्या निधींतील अशीं नाणीं डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं प्रसिद्ध केलीं. कोशांतला एक अर्थ सुटला तर येथें अर्धा लेख निरर्थक होतो.

पुढें नदीकांठचीं गवताळ कुरणें नांगराखालीं आलीं, बंदुका आल्या, आणि शिंगाचा भाव वाढला. कूचबिहारच्या महाराज नृपेंद्रनारायणांनीं इ. स. १८७१ ते १९०७ पर्यंत २०७ गेंडे मारल्याचा हिशेब त्यांच्याच शिकारग्रंथांत आहे. इ. स. १९०८ मध्यें काझीरंगा राखीव अरण्य झालें, तेव्हां तेथें उरलेले गेंडे मूठभर होते. इ. स. १९८४ पासून दुधव्याच्या अरण्यांत आसामांतून व नेपाळांतून गेंडे आणून सोडले. हें रान शरयूच्याच खोऱ्यांतलें, म्हणजे बाबरानें सांगितलेल्या ठिकाणांपैकीं एक पुन्हा वसलें. पेशावराकडील रानें मात्र रिकामींच आहेत.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. श्राद्धप्रयोगाच्या पोथ्यांत खड्गपात्र हा शब्द येतो. तें गेंड्याच्या शिंगाचें अर्घ्यपात्र होय, तरवारीशीं त्याचा संबंध नाहीं. ज्यांच्या घरीं असें पात्र किंवा गेंड्याच्या कातडीची ढाल असेल, त्यांनीं ती वस्तु कोठून व कोणत्या सालीं आली याचा कागद दप्तरांत शोधावा. खरेदीच्या यादींत पेठेचें नांव व किंमत मिळाली तरी पुष्कळ. पोथीच्या समासांत कोणीं 'खड्ग म्हणजे गेंडा' अशी टीप लिहिली असल्यास ती पोथीच्या लेखनकालासह जशीच्या तशी उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावी.